रोबोट नसला म्हणून किडनी गमवायची का?

पित्ताच्या खड्यांसाठी, पाठदुखीसाठी किंवा मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टर पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. रिपोर्ट येतो आणि त्यात मूळ दुखण्याशी काहीही संबंध नसलेली एक ओळ असते: किडनीवर तीन-साडेतीन सेंटिमीटरची गाठ. रुग्णाला त्या गाठीचा काहीच त्रास होत नसतो. पूर्वी लघवीतून रक्त जाणे, कुशीत दुखणे, पोटात गोळा हाताला लागणे अशी लक्षणे दिसू लागल्यावर किडनीचा कर्करोग कळायचा, आणि तोवर तो बराच पुढे गेलेला असायचा. आता सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्यामुळे अशा लहान गाठी दुसऱ्याच तपासणीत अचानक सापडतात. ही एका अर्थाने चांगलीच गोष्ट आहे, कारण किडनीबाहेर न पसरलेली लहान गाठ वेळेत काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

गाठ सापडली की घरात दोन प्रश्नांची धावपळ सुरू होते. हा कॅन्सरच आहे का? आणि ऑपरेशन कुठे करायचे, पैसा कुठून आणायचा? या गडबडीत तिसरा प्रश्न मागे पडतो. डॉक्टर पूर्ण किडनी काढणार आहेत, की फक्त गाठ काढून किडनी वाचवणार आहेत? अनेक कुटुंबांना हा पर्याय असतो हेच माहीत नसते. हा पर्याय आपल्यापुढे ठेवला जातो की नाही, हे गाठीच्या आकाराइतकेच आपण कोणत्या दवाखान्याच्या दारात उभे आहोत यावरही अवलंबून असते. आजचा लेख या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

एक किडनी पुरते, मग दुसरीची काळजी कशाला?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. किडनीदान करणारे लोक एका किडनीवर चांगले जगतात, मग कर्करोगाच्या रुग्णाने का जगू नये?

फरक माणसात आहे. किडनी देणारा माणूस पूर्णपणे तपासलेला असतो. त्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दोन्ही किडन्या उत्तम आहेत, अशी खात्री झाल्यावरच त्याची किडनी घेतात. किडनीचा कर्करोग मात्र बहुधा पन्नाशी-साठीनंतर होतो. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही त्याची ओळखीची कारणे आहेत. म्हणजे ज्यांना ही गाठ होते त्यांतल्या अनेकांची दुसरी किडनीही रक्तदाबाने किंवा साखरेने आधीच थोडी थकलेली असते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयातला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेले ६६२ रुग्ण होते. सगळ्यांना दोन्ही किडन्या होत्या आणि रक्तातले क्रिएटिनिनही नॉर्मल होते. तरीही नीट हिशेब केल्यावर त्यांतल्या २६ टक्के लोकांना शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच किडनीचा जुनाट आजार असल्याचे दिसले. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी फक्त गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची किडनीची क्षमता धोक्याच्या रेषेच्या वर राहिली होती. पूर्ण किडनी काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्केच होते.

क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणजे किडनी ठणठणीत आहे असे समजून चालत नाही, हा यातला धडा आहे. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात, तो जास्त खरे सांगतो. तो ६० च्या खाली सातत्याने राहिला तर किडनी कमजोर झाली आहे असे समजतात. ऑपरेशनच्या आधी हा आकडा डॉक्टरांकडून अवश्य लिहून घ्यावा.

किडनीची क्षमता संपली तर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, त्यासाठी येण्या-जाण्याचा खर्च आणि प्रत्येक वेळी बुडणारा रोज. पैसेवाल्या घराला हा ओढाताणीचा काळ असतो, हातावर पोट असलेले घर मात्र त्यात बुडून जाते. म्हणून किडनी वाचवण्याचा प्रश्न गरीब रुग्णासाठी अधिक मोठा आहे.

फक्त गाठ काढण्याची पद्धत कशी रूढ झाली

१९६० च्या दशकात कॅनडातले शल्यविशारद रॉब्सन यांनी कर्करोग झालेली किडनी तिच्याभोवतीच्या चरबीसकट पूर्ण काढण्याची पद्धत रूढ केली. त्या काळी गाठी मोठ्या असतानाच सापडत, त्यामुळे ते योग्यच होते. पुढची काही दशके जगभर हीच पद्धत चालली.

पण ज्यांना जन्मापासून एकच किडनी आहे, किंवा ज्यांच्या दोन्ही किडन्यांवर गाठ आहे, त्यांचे काय करायचे? त्यांची सगळी किडनी काढली तर डायलिसिसशिवाय गत्यंतर नाही. नाइलाज म्हणून अशा रुग्णांमध्ये फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून उरलेली किडनी शिवून टाकू लागले. या रुग्णांकडे पुढे पाहिले तेव्हा लक्षात आले की लहान गाठीच्या बाबतीत कर्करोग परत येण्याचे प्रमाण पूर्ण किडनी काढण्याइतकेच कमी आहे. मग दुसरी किडनी चांगली असलेल्यांनाही हाच उपचार का देऊ नये, असा विचार पुढे आला. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. लहान गाठीसाठी, विशेषतः चार सेंटिमीटरपर्यंतच्या, शक्य असेल तिथे किडनी वाचवावी, असे त्यात स्पष्ट आले. चार ते सात सेंटिमीटरच्या गाठीतही जागा सोयीची असेल तर हा पर्याय बघावा असे तज्ज्ञ सांगतात.

दुर्बिणीने सोपे झाले ते किडनी काढणे

मधल्या काळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुईस इथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून किडनी काढली. कुशीतल्या हातभर चिऱ्याऐवजी तीन-चार छोटी छिद्रे, कमी वेदना, लवकर घरी. रुग्णाला हे आवडणारच.

पण इथे एक उलटी गोष्ट घडली. दुर्बिणीने पूर्ण किडनी काढणे सोपे झाले, फक्त गाठ काढणे मात्र अवघडच राहिले. याचे कारण समजून घेऊ.

किडनीत रक्ताचा प्रवाह फार मोठा असतो. गाठ कापायची तर किडनीच्या मुख्य रक्तवाहिनीला चिमटा लावून प्रवाह थांबवावा लागतो. तो थांबला की घड्याळ सुरू होते. किडनी गरम अवस्थेत रक्ताशिवाय साधारण २५ ते ३० मिनिटेच धरू शकते, त्यानंतर तिचे कायमचे नुकसान होण्याची भीती असते. तेवढ्या वेळात गाठ पूर्ण काढायची, उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आणि लघवीच्या नळ्या शिवायच्या, किडनीची जखम बंद करायची आणि चिमटा सोडायचा. दुर्बिणीतली साधी हत्यारे लांब सळीसारखी सरळ असतात, त्यांना मनगट नसते. अशा हत्याराने पोटाच्या आत घाईने पण नीट टाके घालणे फार थोड्या सर्जनना साधते.

परिणाम असा झाला की लहान गाठ घेऊन आलेल्या रुग्णापुढे प्रत्यक्षात दोन गोष्टी राहत. मोठा चिरा देऊन किडनी वाचवायची, किंवा छोट्या छिद्रांतून पूर्ण किडनी काढायची. छोटी छिद्रे ऐकून रुग्ण खूश होई, आणि जी किडनी वाचू शकली असती ती जाई. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा २००१ च्या सुमारास दोन ते चार सेंटिमीटरच्या गाठी असलेल्या पाच रुग्णांपैकी जेमतेम एकाची किडनी वाचवली जात होती.

रोबोटने नेमके काय बदलले

रोबोट म्हटल्यावर यंत्र स्वतःहून ऑपरेशन करते असा समज होतो. तसे नाही. ऑपरेशन सर्जनच करतो. तो रुग्णापासून थोड्या अंतरावर एका आसनावर बसतो, समोर पोटाच्या आतले मोठे केलेले चित्र खोलीसकट दिसते आणि त्याच्या बोटांच्या हालचालीनुसार रोबोटचे हात पोटात हालतात. या हातांच्या टोकाला मनगट असते. ते सगळीकडे वळते, थरथरत नाही. त्यामुळे अवघड कोपऱ्यातले टाके लवकर घालता येतात आणि रक्तप्रवाह थांबवण्याचा वेळ आटोक्यात राहतो. छोट्या छिद्रांतून किडनी वाचवणे जास्त सर्जनना जमू लागले, हा रोबोटचा खरा फायदा.

अमेरिकेत ‘दा विंची’ या रोबोटला २००० मध्ये परवानगी मिळाली. पुढच्या दहा वर्षांत रुग्णालयांनी तो भराभर विकत घेतला. तिथल्या संशोधकांनी रोबोट घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णालयांची तुलना केली. रोबोट आलेल्या रुग्णालयांत किडनी वाचवण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढलेले दिसले. ज्यांच्याकडे तो नव्हता ती मागे राहिली. यातला काही भाग यंत्रामुळे नसेल, कारण रोबोट घेणारी रुग्णालये बहुधा मोठी, शिकवणारी आणि अनुभवी सर्जन असलेली असतात. तरीही रुग्णाच्या बाजूने पाहिले तर चित्र अस्वस्थ करणारे आहे. गाठ तीच, माणूस तसाच. एका दारातून आत गेला तर किडनी घेऊन बाहेर येतो, दुसऱ्या दारातून गेला तर किडनी गमावून.

याची दुसरी बाजूही आहे. रोबोट विकत घेतला की तो चालवावा लागतो. मग जिथे त्याची फारशी गरज नाही तिथेही तो वापरला जातो. मोठ्या गाठीसाठी पूर्ण किडनीच काढायची असेल तर आत बारीक टाक्यांचे काम फारसे नसते, साधी दुर्बीण पुरते. अमेरिकेतल्या ४१६ रुग्णालयांमधल्या सुमारे २३,७५० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. पूर्ण किडनी काढण्यासाठी रोबोटचा वापर २००३ मध्ये दीड टक्का होता, तो २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर गेला. मोठ्या गुंतागुंतीच्या प्रमाणात दुर्बीण आणि रोबोट यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण चार तासांहून जास्त वेळ लागलेल्या शस्त्रक्रिया रोबोटने ४६ टक्के, तर दुर्बिणीने २६ टक्के होत्या. आणि रोबोटमागे रुग्णालयाचा खर्च सरासरी सुमारे २,७०० डॉलरने जास्त आला.

या दोन अभ्यासांतून आपण घ्यायचा बोध साधा आहे. लहान गाठ काढून किडनी वाचवायची असेल तर रोबोट मदतीचा ठरतो. पूर्ण किडनी काढायची असेल तर रोबोटसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण सहसा नसते.

आपल्याकडे काय स्थिती आहे

भारतात रोबोट मुख्यतः महानगरांतल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत आहेत. सरकारी आणि निमसरकारी क्षेत्रात दिल्लीचे एम्स, मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय अशा संस्थांमध्ये ही सोय आहे. गुरुग्राममध्ये ‘मंत्र’ नावाचा भारतीय बनावटीचा रोबोटही तयार होऊ लागला आहे. तरीही यंत्राची किंमत कोट्यवधी रुपयांत जाते, त्याची हत्यारे ठरावीक वेळा वापरली की बदलावी लागतात आणि दरवर्षी देखभालीचा मोठा खर्च असतो. हा सगळा खर्च शेवटी बिलात उतरतो. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णाला रोबोट सहज मिळेल अशी परिस्थिती आज नाही.

मग रोबोट नसलेल्या रुग्णालयात काय होऊ शकते? इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. किडनी वाचवण्याची शस्त्रक्रिया रोबोटच्या कितीतरी आधीची आहे. कुशीत चिरा देऊन, किडनीभोवती बर्फ ठेवून तिला थंड करून ही शस्त्रक्रिया सर्जन वर्षानुवर्षे करत आले आहेत. किडनी थंड असली की रक्ताशिवाय ती जास्त वेळ धरते, म्हणून अवघड जागेच्या गाठींसाठी ही पद्धत आजही वापरतात. कर्करोग बरा होण्याच्या दृष्टीने चिऱ्याने केलेली आणि रोबोटने केलेली शस्त्रक्रिया यांत कमी-जास्त नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., नागपुरात सुपर स्पेशालिटी अशा सरकारी-महापालिका रुग्णालयांत मूत्ररोगाचे स्वतंत्र विभाग आहेत. जवळच्या रुग्णालयात सर्जनला ही शस्त्रक्रिया करण्याचा सराव नसेल, तर किडनी काढून घेण्याआधी अशा विभागात एकदा कागद दाखवून यावे.

चिऱ्याचा तोटा नाही असे नाही. जखम मोठी, दुखणे जास्त, काही वेळा बरगडीचा तुकडा काढावा लागतो आणि जड कामाला परतायला दीड-दोन महिने लागतात. रोबोटने किंवा दुर्बिणीने केले तर रक्त कमी जाते, माणूस दोन-चार दिवसांत घरी येतो आणि लवकर कामाला लागतो. गवंडी, हमाल, शेतमजूर, सफाई कामगार यांच्यासाठी लवकर कामाला लागणे ही चैनीची गोष्ट नाही. म्हणून रोबोटची सोय सार्वजनिक रुग्णालयांत यावी अशी मागणी करणे योग्यच आहे. पण ती येईपर्यंत दीड महिन्याच्या दुखण्याच्या बदल्यात किडनी वाचत असेल, तर हा सौदा पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब धरून करावा.

खर्चाची वाट कशी काढावी

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्र चालतात. २०२३ च्या निर्णयानुसार राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला नुसते ‘किडनीचे ऑपरेशन बसते का’ असे न विचारता ‘फक्त गाठ काढून किडनी वाचवायची शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेत होते का’ असे नेमके विचारावे. यंत्राचे वेगळे पैसे मागितले जात असतील तर ते लेखी मागावेत. योजनेची मोफत चौकशी १५५३८८ या क्रमांकावर होते.

धर्मादाय संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना घालून दिली. रोबोट असलेली काही रुग्णालये धर्मादायच आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात आधी जावे. दाद न मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

ज्यांच्याकडे खासगी आरोग्य विमा आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश ज्या आधुनिक उपचारांना विमा नाकारता येणार नाही अशा यादीत केला. मात्र कंपन्या त्यावर वेगळी रकमेची मर्यादा घालू शकतात. ती आपल्या पॉलिसीत किती आहे हे भरती होण्याआधी विचारावे, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

पर्याय सांगितले जाणे हा आपला हक्क आहे

डॉक्टरांसमोर प्रश्न विचारायला आपली माणसे कचरतात. ‘मोठे डॉक्टर आहेत, त्यांना काय विचारायचे’ असे म्हणून अंगठा किंवा सही केली जाते. पण रुग्णाने घाबरत राहण्याची काहीच गरज नाही, कायदा त्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिल्लीतल्या एका प्रकरणात संमतीचा अर्थ स्पष्ट केला. त्या रुग्णेने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती आणि तिचे गर्भाशय काढून टाकण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले की, उपचाराचे स्वरूप, फायदा, मोठे धोके, उपचार न घेतल्यास काय होईल आणि दुसरे पर्याय कोणते आहेत, हे रुग्णाला सांगितल्यावरच त्याची संमती खरी धरता येते.

किडनीच्या गाठीला हे तंतोतंत लागू पडते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतही माहिती मिळणे, कागदपत्रांच्या प्रती मिळणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे हक्क नोंदलेले आहेत. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी दवाखान्यांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. लहान गाठ सहसा हळू वाढते, वर्षाला साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे दुसरे मत घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तर बहुतेक वेळा बिघडत नाही. ‘आत्ताच्या आत्ता भरती व्हा’ अशी घाई लहान गाठीसाठी क्वचितच लागते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. घरातले किंवा वस्तीतले लिहिता-वाचता येणारे एखादे माणूस सोबत असू द्या आणि उत्तरे तिथेच टिपून घ्या.

१. गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि किडनीच्या कोणत्या भागात आहे? बाहेरच्या कडेला की आत, मोठ्या रक्तवाहिनीजवळ?

२. माझा ईजीएफआर किती आहे? दुसरी किडनी कशी आहे?

३. फक्त गाठ काढून किडनी वाचवता येईल का? नसेल तर कारण गाठीत आहे, की इथे ती सोय नाही म्हणून?

४. आपण स्वतः वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?

५. चिरा, दुर्बीण आणि रोबोट यांपैकी काय वापरणार? रोबोटने माझ्या बाबतीत नेमका कोणता फायदा होईल आणि त्याचे जादा किती पैसे लागतील?

६. ऑपरेशन चालू असताना किडनी वाचवणे जमले नाही, किंवा रक्तस्राव झाला, तर काय कराल?

७. गाठ लहान आहे, वय जास्त आहे, तर नुसते लक्ष ठेवून चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. ‘गाठच तशी आहे’ हे वैद्यकीय कारण झाले. ‘आमच्याकडे रोबोट नाही’ हे कारण पूर्ण किडनी काढण्यासाठी पुरेसे नाही. चौथ्या प्रश्नाने डॉक्टरांचा अपमान होत नाही. यंत्र कोणतेही असो, या शस्त्रक्रियेत सर्जनचा सराव जास्त मोलाचा असतो. नवीनच आलेल्या रोबोटपेक्षा वर्षानुवर्षे चिऱ्याने हेच काम करणारा हात अधिक भरवशाचा असू शकतो.

सातव्या प्रश्नाबद्दल थोडे. लहान गाठींपैकी साधारण पाचात एक गाठ कर्करोगाची नसतेच. वय झालेल्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णात दोन-अडीच सेंटिमीटरच्या गाठीवर सहा-सहा महिन्यांनी तपासणी करून लक्ष ठेवणे हाही मान्य उपचार आहे. काही गाठी सुई घालून उष्णतेने किंवा थंडीने जाळता येतात. बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती आपल्याकडे फार आहे, पण आजच्या पद्धतीत तसे होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

पूर्ण किडनी काढणेच योग्य केव्हा

किडनी वाचवलीच पाहिजे असा हट्टही धरू नये. गाठ मोठी असेल, किडनीच्या मध्यभागी रुतलेली असेल, मुख्य रक्तवाहिनीत शिरली असेल, तर पूर्ण किडनी काढणेच सुरक्षित. फक्त गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आणि लघवीची गळती यांचा धोका थोडा जास्त असतो, हेही समजून घ्यावे.

युरोपात १९९२ ते २००३ या काळात पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि दुसरी किडनी चांगली असलेल्या ५४१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून दोन्ही पद्धती तपासल्या होत्या. दहा वर्षांनी पूर्ण किडनी काढलेल्या गटातले सुमारे ८१ टक्के आणि फक्त गाठ काढलेल्या गटातले सुमारे ७६ टक्के रुग्ण हयात होते. बहुतेक मृत्यू किडनीच्या कर्करोगाने नव्हे तर इतर आजारांनी झाले होते. किडनीची क्षमता कमी होण्याचे प्रमाण पूर्ण किडनी काढलेल्यांमध्ये बरेच जास्त होते, पण किडनी पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच अल्प होते. म्हणजे ज्याची दुसरी किडनी खरोखर निरोगी आहे त्याची पूर्ण किडनी काढावी लागली, तरी त्याने खचून जाऊ नये. पण मधुमेह, रक्तदाब, मुतखडे किंवा आधीच कमी ईजीएफआर असलेल्या माणसाने किडनी वाचवण्यासाठी शक्य तेवढा प्रयत्न करावा.

ऑपरेशननंतर

किडनी पूर्ण गेली असो वा वाचली असो, पुढची काळजी सारखीच. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवावी. बिडी-सिगारेट कायमची सोडावी. अंग दुखले की मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खाणे बंद करावे, त्या किडनीला फार बाधतात. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी, सांगितलेला स्कॅन चुकवू नये. जुने रिपोर्ट, सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत नीट ठेवावे. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला, दाताच्या डॉक्टरलासुद्धा, आपल्या किडनीचे ऑपरेशन झाले आहे हे सांगावे.

आपल्या घरात किंवा वस्तीत कुणाच्या रिपोर्टमध्ये ‘किडनीवर गाठ’ अशी ओळ आली, तर त्यांना हा अंक द्या आणि वरचे सात प्रश्न वहीत उतरवून घ्यायला सांगा. विहारातल्या रविवारच्या बैठकीला दहा मिनिटे काढून कुणाकुणाचे आरोग्य योजनेचे कार्ड अजून निघाले नाही याची यादी केली, तरी गाठ सापडल्याच्या दिवशी होणारी अर्धी धावपळ वाचेल.